सोसण्याचा सोस

मराठी मध्यमवर्गाच्या गेल्या तीन पिढ्यांनी एक काम मोठ्या चिकाटीने केलं. घरातली गैरसोय हुडकून काढायची आणि तिला दाराबाहेर घालवायचं. चूल गेली, स्टोव्ह आला. स्टोव्हची पिन शोधता शोधता गॅस आला. पाटा-वरवंटा माळ्यावर चढला, मिक्सर ओट्यावर आला. तांब्याचा बंब मोडीत निघाला आणि गीझर भिंतीवर लागला. यातल्या एकेका वस्तूपायी कुणी दिवाळीच्या बोनसची वाट पाहिली, कुणी पतपेढीचं कर्ज काढलं. एवढं सगळं जुळून येऊन नळ फिरवताच कढत पाणी मिळायला लागलं, तेव्हा चौथी पिढी न्हाणीघरात शिरली आणि तिने गार पाण्याचा नळ सोडला. गार पाण्याने म्हणे माणूस घडतो. तेवढ्याने घडल्यासारखं वाटत नाही ते पैसे भरून बर्फाच्या टबात बसतात. शेजारी जाड जाकीट घातलेला प्रशिक्षक घड्याळ बघत 'श्वासावर लक्ष द्या' म्हणतो. रॉबिन शर्मा यांचं पहाटे पाचला उठण्याची महती गाणारं पुस्तक २०१८मध्ये आलं आणि पहाट हा एक क्लब झाला. त्याआधीही दादरच्या फूलबाजारात, वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणाऱ्या नाक्यांवर आणि दुधाच्या गाड्यांवर माणसं पाचच्या कितीतरी आधी कामाला लागलेली होती, पण ती बिनसभासद होती. आपल्या कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा, असं आता कॅलेंडरपासून कंपनीच्या कॉफीच्या मगापर्यंत सगळे सांगतात. गैरसोय माणसाला वाढवते यात खोटं काही नाही. पण ती कशाच्या तरी वाटेवर भेटावी, तिला माप असावं आणि तिला सुट्टी असावी. तिलाच मुक्कामाचं ठिकाण केलं की उरते ती हौस. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो खरं, पण बर्फाच्या टबाचं दरपत्रक असतं.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडायला हवं, कारण ते चांगलं भक्कम आहे. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख या दोन संशोधकांचा एक निबंध २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. शिकागोत 'सेकंड सिटी' नावाची प्रसिद्ध नाट्यसंस्था आहे. संहितेशिवाय, आयत्या वेळी सुचेल तसा अभिनय करायला तिथे शिकवतात. या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना एक खेळ दिला गेला. एकाने मधे येऊन हवं ते करायचं, बाकीच्यांनी पुतळ्यासारखं थांबायचं. काहींना सांगितलं, 'तुम्हाला अवघडल्यासारखं वाटणं हेच तुमचं उद्दिष्ट आहे. तसं वाटलं तर समजा, काम होतंय.' बाकीच्यांना नेहमीच्या सूचना दिल्या. ज्यांना अवघडायला सांगितलं होतं ते मधे जास्त वेळ टिकले आणि त्यांनी जास्त धाडसी चाळे केले. यात तर्क आहे. एरवी कान तापले, तळहात ओले झाले की माणूस समजतो, 'हे आपलं काम नव्हे.' तीच लक्षणं प्रगतीची आहेत असं कळलं की तो पळून जात नाही. इथवर सगळं मान्य. पण त्या खेळात अवघडलेपण शिकण्याच्या वाटेवर आपोआप येत होतं. कुणी ते वेगळं आणून टेबलावर मांडलेलं नव्हतं. खेळ काही मिनिटांचा होता आणि शिकवणारा खोलीत होता. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवण्याची जुनी रीत हीच. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर सुका भोपळा बांधायचा आणि पोराला काठावरून ढकलायचं. ही आठवण सांगणारे सगळे ढकलण्याचा भाग रंगवून सांगतात. बिंड्याचा उल्लेख ओझरता येतो, आणि ढकलणारा काका स्वतः पट्टीचा पोहणारा होता व धोतर खोचून काठावरच उभा होता, हे तर बहुतेक कथांमधून गळूनच जातं. आजच्या सुविचारांत फक्त ढकलणं शिल्लक राहिलं आहे.

शिवाय कष्ट सोसणं हा स्वतंत्र गुण मानायचा तर एका अमेरिकी गृहस्थांचा सत्कार करावा लागेल. टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, फक्त स्वतःचे विचार. हाताशी एक बटण होतं, ते दाबलं की विजेचा झटका बसे. हा झटका टाळण्यासाठी आपण पदरचे पैसेसुद्धा देऊ, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरीही अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस स्त्रियांपैकी सहा जणींनी निदान एकदा तरी बटण दाबलं. एका पुरुषाने ते १९० वेळा दाबलं. आज तो असता तर त्याने '१९० दिवसांचं आव्हान' काढून त्याचा ऑनलाइन कोर्स विकला असता. या माणसाची सहनशक्ती दांडगी होती यात शंका नाही. फक्त ती त्याने पंधरा मिनिटं शांत बसावं लागू नये म्हणून खर्च केली. विजेचा झटका त्याच्यासाठी सोपा मार्ग होता.

हीच गोष्ट आसपास सर्रास दिसते. माणूस गैरसोयसुद्धा आपल्या सोयीची निवडतो. दर रविवारी कळसूबाईचे १६४६ मीटर चढून येणारा गडी सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीला हिशेब विचारायचा म्हटलं की चष्मा पुसत बसतो. साताऱ्याच्या घाटात एकवीस किलोमीटर धावणाऱ्याला सख्ख्या भावाला फोन करून 'त्या वेळी माझं चुकलं' एवढं म्हणायला दम पुरत नाही. सोळा तास उपाशी राहणाऱ्याला साहेबांना 'रविवारी जमणार नाही' म्हणता येत नाही. त्यांचं धावणं, चढणं, उपाशी राहणं खोटं आहे असं मुळीच नाही; त्यात घाम आहे आणि गुडघ्यांची झीजही आहे. पण तिथे ते सराईत झाले आहेत, तिथे टाळ्या आहेत, गळ्यात पदक आहे आणि छातीवर नंबर आहे. भावाला फोन केल्याचं पदक मिळत नाही. म्हणून कोण किती सोसतो हे पाहून त्याच्या वाढीचा अंदाज बांधायला गेलं तर हमखास फसगत होते. चर्चगेटहून सुटलेल्या विरार गाडीत संध्याकाळी सव्वासहाला जेवढं सोसलं जातं तेवढं जगात फार थोड्या ठिकाणी सोसलं जात असेल. नुसत्या सोसण्याने माणूस मोठा होत असता तर बोरिवलीपर्यंत अर्धा डबा संतपदाला पोचला असता. प्रत्यक्षात अंधेरीला उतरू पाहणाऱ्याला त्या डब्यात काय ऐकावं लागतं ते सर्वश्रुत आहे.

आता मापाकडे येऊ. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांत उलट्या वाटीच्या आकाराची एक रेघ हमखास दाखवतात. ताण वाढला की काम सुधारतं, आणखी वाढला की बिघडतं. ती दाखवताना यर्क्स आणि डॉडसन ही नावं अदबीने घेतली जातात. त्यांचा १९०८चा मूळ प्रयोग उंदरांवर होता, आणि तेही 'नाचऱ्या' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीच्या, हे मात्र दुपारच्या जेवणानंतरच्या त्या सत्रात सहसा सांगत नाहीत. सांगितलं तर श्रोत्यांना आपल्या नोकरीचं स्वरूप फार लवकर कळेल. उंदरापुढे एक पांढरी आणि एक काळी पेटी असे. चुकीच्या पेटीत शिरलं की विजेचा झटका. दोन पेट्यांतला फरक ठळक असेल तेव्हा झटका जितका जोरदार तितका उंदीर लवकर शिकला. फरक पुसट केला, म्हणजे काम अवघड झालं, तेव्हा मात्र जोरदार झटक्याने तो गोंधळला आणि मध्यम झटक्याने लवकर शिकला. उंदरावरून माणसाचं सगळंच ठरवू नये, पण ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. काम जितकं नाजूक तितका धाक कमी लागतो. खड्डा खणून घ्यायचा असेल तर मुकादमाचं ओरडणं कदाचित चालून जाईल. वर्गातल्या मुलाला अपूर्णांक समजावताना छडी उगारली की त्याला अपूर्णांकही येत नाहीत आणि पूर्णांकही विसरतात. बर्फाच्या टबाची कथा तर याहून गमतीची आहे. ऑस्ट्रेलियात झालेला आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात काही पुरुषांनी बारा आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम केला. व्यायामानंतर काही जण दहा मिनिटं सुमारे दहा अंश सेल्सियसच्या पाण्यात बसत. उरलेले आरामात सायकलची पायडलं मारत. शेवटी ताकद आणि स्नायू दोन्ही जास्त वाढले ते सायकलवाल्यांचे. म्हणजे एका गटाने कुडकुडत, दात वाजवत, निग्रहाने स्वतःचंच नुकसान करून घेतलं. आपल्याकडे वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगून ठेवलं आहे की बलवान आणि तूप-तेल खाणाऱ्या माणसानेसुद्धा, तेही थंडीत आणि वसंतात, निम्म्या ताकदीनेच व्यायाम करावा. इतर ऋतूंत त्याहून कमी. दोन मारी बिस्किटांवर मे महिन्यात जिमला जाणाऱ्याच्या वाट्याला या हिशेबाने जिमचा जिना चढण्याइतकाच व्यायाम येतो.

माप आणि सुट्टी या दोन्हींचा सर्वांत मोठा चालता नमुना महाराष्ट्रात दरवर्षी दिसतो, पण तो भक्तीच्या खात्यात जमा असल्यामुळे व्यवस्थापनवाल्यांचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते ती ऊन, पाऊस आणि चिखल तुडवत आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात पोचते. यात गैरसोय नाही असं कोण म्हणेल? पण वेळापत्रक बघा. पुण्यात दोन रात्री मुक्काम. मग दिवेघाटाचा चढ असलेला लांबलचक टप्पा. आणि तो संपवून सासवडला पोचल्यावर पुन्हा दोन रात्री मुक्काम. ज्याने हे आखलं त्याला पोटऱ्या म्हणजे काय ते ठाऊक होतं. रोजच्या चालीतही न्याहारी, दुपारचं जेवण आणि विसाव्याच्या जागा ठरलेल्या. तंबू आणि शिधा घेऊन दिंडीचे ट्रक पुढे गेलेले. गावोगावी पाय चेपायला माणसं बसलेली, चपला शिवून द्यायला चांभार बसलेले. वाटेत रिंगण आहे, तिथे घोडा धावतो आणि वारकरी फुगड्या घालतात. दमलेल्या माणसाला आणखी पळायला लावणं हीच विश्रांती, हे शास्त्र कुणाला सुचलं असेल त्याला दंडवत. सर्वांत मला आवडते ती संध्याकाळची समाजआरती. मुक्कामावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदुंगाचा गजर चाललेला असतो, आणि चोपदारांनी चोप उंचावून हाक दिली की सारं चिडीचूप होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, निवाडा होतो. मग हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं आणि आरती होते. म्हणजे एवढ्या कष्टाच्या वाटेवर 'मला त्रास होतोय' असं म्हणायची अधिकृत सोय आहे, आणि ती वापरणाऱ्याला कुणी कच्चा ठरवत नाही. बर्फाच्या टबातून कुणी टाळ वाजवला तर त्याला 'मनाने कमकुवत' म्हणून घरी पाठवतील. शिवाय पायाला फोड यावेत म्हणून कुणी वारीला जात नाही. फोड येतात, त्यातून दोरा ओवून पाणी काढतात आणि चालू लागतात. ध्येय विटेवर उभं आहे, टाचेत नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांतली मंडळी आळंदी ते पुणे एवढीच एका दिवसाची वाट चालतात म्हणून त्यांची थट्टा होते. ती थट्टा अन्यायाची आहे. वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाने पहिल्या वर्षी तेवढंच चालावं, असं वाग्भटानेही सांगितलं असतं.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की समतोल, माप वगैरे भाषा म्हणजे आळशांची पळवाट. 'अति तिथे माती' ही म्हण सर्वांत ठसक्यात म्हणतात ते लोक, ज्यांचा 'अति'शी कधी परिचयच झालेला नाही. हा आक्षेप मला पंचाहत्तर टक्के मान्य आहे. जी व्यक्ती पलंगावरून उठलीच नाही तिने समतोलाबद्दल बोलणं म्हणजे एकादशीच्या दिवशी साबुदाण्याची तिसरी वाटी भरून घेताना संयमावर प्रवचन देणं. विसावा चालणाऱ्यासाठी असतो. पण पळवाट काढणारे ती वापरतात एवढ्यावरून वाटच चुकीची ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. थोर माणसं समतोल नव्हती, त्यांनी तहानभूक विसरून काम केलं, म्हणून ती थोर झाली. अशा कथा आपण शाळेच्या पुस्तकांपासून वाचत आलो आहोत. पण त्या कथांत झोपेचं प्रकरण लिहायची पद्धत नसते. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून लोकांनी 'दहा हजार तास रियाझ' एवढंच उचललं. त्याच अभ्यासात हेही आहे की वरच्या दर्जाचे वादक रियाझ जास्त करत, तो तुकड्यातुकड्यांत करत, आणि इतरांपेक्षा झोपतही जास्त. दुपारची डुलकीसुद्धा घेत. दहा हजार तासांची कीर्ती जगभर पसरली आणि दुपारची झोप पुणेकरांची चेष्टा करण्यापुरती उरली. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्याला आपण उगाच हसतो. त्याने बर्लिनचा निबंध निम्मा तरी अमलात आणला आहे.

खरी अडचण या आक्षेपांत नाहीच. ती अशी, की एकाच्या आत्मविकासाची गैरसोय पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यातून जाते. इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर असतं. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, मधे मौन. शिबिराची आखणी कडक असली तरी नेमकी आहे आणि तिथे जाणाऱ्याबद्दल आदरच वाटतो. पण गृहस्थ मौनात असतात तेव्हा त्यांच्या घरी मुलांची रिक्षा, सासऱ्यांच्या गोळ्या, गॅसचा नंबर आणि प्लंबर या सगळ्यांशी कुणाला तरी दुप्पट बोलावं लागतं. ते दहा दिवसांनी उजळलेल्या चेहऱ्याने परततात आणि सांगतात, 'मी माझ्या मर्यादा ओलांडल्या.' ज्या बाईंनी त्या काळात घर चालवलं त्यांच्या मर्यादा कधीच्याच मागे पडलेल्या असतात, त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलेलं नसतं. पाणी यायच्या वेळेला उठून पिंप भरणाऱ्या, सातच्या आत दोन डबे करणाऱ्या बाईला 'कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा' म्हणणं हा उद्धटपणा आहे. तिला आधी आत कधी जाता येईल ते विचारावं. तिच्या बाबतीत वाढीसाठी करायची अवघड गोष्ट म्हणजे संध्याकाळी सात वाजता, सगळे घरी असताना, खुर्चीत पाय वर घेऊन बसणं आणि पोळ्यांबद्दल विचारणाऱ्याला 'कणीक डब्यात आहे' एवढंच सांगणं. हे करून पाहिलेल्या बाया सांगतात की पहिल्या दहा मिनिटांत जीव कासावीस होतो. शिकागोच्या त्या वर्गात हाच अनुभव शिकवतात.

तेव्हा कुणाला खरोखरच अवघडायचं असेल, तर बर्फ मागवण्याची गरज नाही. गावोगावच्या संगीत विद्यालयांत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी चाललेली असते. तिथे अलीकडे पन्नाशी ओलांडलेले विद्यार्थीही येतात. बँकेतून निवृत्त झालेले, मुलं परदेशी गेलेले. त्यांना तिसरीतल्या मुलांच्या रांगेत सतरंजीवर मांडी घालावी लागते, आणि ती मांडी नीट बसत नाही इथूनच शिक्षणाला सुरुवात होते. मग सा लावायचा असतो. तीस वर्षं ज्यांच्या सहीने कर्जं मंजूर झाली त्यांचा सा मंजूर होत नाही. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा भूप घडाघडा म्हणून दाखवतो आणि वर 'आजोबा, ग कोमल लागतोय' असं सांगतो. याची रील कुणी काढत नाही, कारण काढली तर ती ऐकावी लागेल. इथे अवघडलेपण आहे, ते एका सुराच्या वाटेवर आहे, समोर चूक दाखवणारा माणूस आहे. आणि आजोबा जिद्दीला पेटून 'अजून एकदा, गुरुजी' म्हणत बसले, तरी बरोबर सहा वाजता तबल्याची बॅच दारात येऊन उभी राहते आणि त्यांना सतरंजी सोडावीच लागते.